हात हलणारच

एअर पिस्तूल शिकायला आलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो: हात स्थिर कसा करायचा? शाळकरी मुलं विचारतात, मुलांना सोडायला आलेले आईबाप विचारतात, निवृत्तीनंतर काहीतरी नवीन हाती घ्यायचं म्हणून आलेले काका विचारतात. पंचेचाळिशी ओलांडून मी पुण्यातल्या एका रेंजवर नाव घातलं तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला होता. आमच्या सरांचं उत्तर वय बघून बदलत नाही. "हात हलणारच. हलत्या हातात काय बिघडू द्यायचं नाही, ते शिका."

नवीन नेमबाजाची अचूकता कशी वाढते याबद्दल मला आज जे काही कळतं ते या उत्तरापासूनच सुरू होतं. ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण दर उन्हाळ्याच्या सुट्टीत रेंजवर नवी बॅच येते आणि त्यातली निम्मी मुलं पहिले काही महिने स्वतःच्या हाताशी भांडण्यात घालवतात. हात घट्ट आवळतात, श्वास कोंडून धरतात, दात दाबतात. तेवढ्याने हात आणखीच हलतो. मग "माझा हात मुळातच हलतो, हा खेळ माझा नाही" असं म्हणून त्यातली काही जण निघून जातात. जाणाऱ्यांत चांगली मुलंही असतात, याचं वाईट वाटतं.

हात का हलतो, हे आधी समजून घ्यायला हवं. पिस्तुलाचं वजन एक किलोच्या आसपास. ते एकाच हाताने, कोपर सरळ ठेवून, खांद्याच्या उंचीवर धरायचं. मनगटाला, दंडाला कशाचाही आधार घ्यायचा नाही, असा नियम आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका बोटांपर्यंत पोचतो. श्वासासोबत खांदा वरखाली होतो. आपण उभे असतो म्हणजे खरं तर सतत पडता पडता सावरत असतो, आणि ते सावरणं थेट पिस्तुलाच्या टोकाशी दिसतं. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या असलेल्या नेमबाजाचा हातही हलतोच. त्याच्या हलण्याचा घेर लहान असतो, एवढाच फरक. तो घेर लहान व्हायला खांद्याची ताकद लागते आणि तिला वर्षं लागतात. पण घेर तितकाच राहूनही गुण वाढू शकतात, तेही काही महिन्यांत. हे कसं घडतं ते कळण्यासाठी थोडं गणित करावं लागतं. शाळेत भूमिती आवडत नसलेल्यांनीही हे गणित जरूर वाचावं, कारण या खेळाचं मर्म त्यात आहे.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याबाहेरचं प्रत्येक वर्तुळ सर्व बाजूंनी ८ मिलिमीटरने वाढत जातं. सातपर्यंतचा भाग काळा, त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्‍याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत कुठेही पडला तरी दहाच. थोडक्यात, दहा गुण देणारी जागा आडवी-उभी १६ मिलिमीटरची आहे. ऐकायला ही जागा लहान वाटते, पण नवख्या माणसाच्या कल्पनेपेक्षा ती बरीच ऐसपैस आहे.

आता पिस्तुलाकडे बघू. नेम धरायला त्यावर दोन खुणा असतात, त्यांना साइट म्हणतात. मागच्या साइटला एक खाच असते आणि पुढे नळीच्या टोकाशी दुसरी साइट. पुढच्या साइटचा माथा मागच्या खाचेच्या माथ्याशी एका रेषेत हवा आणि दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट दिसायला हवी. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर. समजा साइट अगदी नीट जुळलेल्या आहेत आणि पूर्ण चित्रच टार्गेटवर ६ मिलिमीटर डावीकडे सरकलं. तर छर्रा ६ मिलिमीटरच डावीकडे जातो आणि दहा मिळतात. पण समजा चित्र बरोबर मधोमध आहे, फक्त पुढची साइट खाचेत १ मिलिमीटर डावीकडे कललेली आहे. ही चूक दहा मीटरपर्यंत जाताना वाढत जाते आणि छर्रा मध्यापासून ३१ मिलिमीटर दूर लागतो. सात गुण. अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल तर नऊ, तेही रेषेला जेमतेम शिवून.

हा हिशेब मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. हाताच्या डोलण्याला या खेळात जागा ठेवलेली आहे. साइटच्या कलण्याला जवळपास नाही. आणि नवखा माणूस करतो काय, तर नजर टार्गेटवर लावून हाताचं डोलणं थांबवायच्या मागे लागतो. त्या नादात पुढची साइट खाचेत कुठे गेली हे त्याला दिसतच नाही.

म्हणून आमच्याकडे नव्या मुलांना काळा गोल फार उशिरा दाखवतात. टार्गेटचा कागद उलटा लावतात, पांढरी बाजू समोर. नेम धरायला काहीच नसतं. मुलांना ते विचित्र वाटतं, पालकांना तर फी वाया चालल्यासारखी वाटते. पण समोर नेम घ्यायला काही नसलं की डोळा आपोआप जवळ येतो, साइटवर टिकतो. पांढर्‍या कागदावर दहा-दहा छर्रे मारून झाले की कागद आणून बघायचा. भोकं मध्यावर आहेत का याला तिथे काही अर्थ नाही, ती एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं. त्याला ग्रुप म्हणतात. पुष्कळ मुलांचा पांढर्‍या कागदावरचा ग्रुप काळ्या गोलावरच्या ग्रुपपेक्षा लहान येतो. हे पाहिल्यावर कोणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चाळिशीनंतर या खेळात येणार्‍यांना याबद्दल कोणी नीट सांगत नाही. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट ही तीन वेगवेगळी अंतरं. यातली पुढची साइट धारदार दिसायला हवी. मागची किंचित मऊ, आणि टार्गेट म्हणजे नुसता करडा-काळा धूसर गोळा. विशीतला डोळा हे सहज करतो. चाळिशीनंतर भिंग ताठर होतं. दूरचा चष्मा लावला तर टार्गेट लख्ख आणि साइट पुसट, वाचायचा लावला तर उलट त्रास. हातभर अंतरावरच्या साइटसाठी दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक करून वेगळी काच करून घ्यावी लागते. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्यावं. ही काच बसवल्यावर साइटची कड मला पहिल्यांदा ब्लेडसारखी दिसली, आणि त्या महिन्यात माझ्या गुणांत जी वाढ झाली तशी कुठल्याही व्यायामाने झाली नव्हती. दुसरा डोळा मिटायचा नाही. मिटला की चेहर्‍याचे स्नायू ताणले जातात आणि नेमाचा डोळाही लवकर थकतो. त्याच्यापुढे एक पट्टी लावतात, ती ३० मिलिमीटरपर्यंत रुंद चालते.

नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरत नाहीत हेही नव्यांना खटकतं. काळ्यावर काळी साइट धरली तर काहीच दिसणार नाही. म्हणून साइट गोलाच्या खाली, पांढर्‍यात ठेवतात, आणि मागची साइट अशी बसवून घेतात की छर्रा वर मध्यात लागावा. साइट आणि गोल यांच्यामध्ये पांढरी फट किती ठेवायची यावर रेंजवर तावातावाने चर्चा होतात. माझं मत असं की नवख्याने फट मोठीच ठेवावी. बारीक फट सांभाळायला गेलं की नजर पुन्हा टार्गेटकडे धावते.

आता ट्रिगर. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम दाब लागला पाहिजे असा नियम आहे, स्पर्धेआधी वजन टांगून ते तपासतात. अर्धा किलो दाब एका बोटाने द्यायचा, आणि तो देताना उरलेल्या हाताला त्याची खबर लागू द्यायची नाही. सगळं बिघडतं ते इथेच. साइट मधोमध आल्यासारखी वाटते, मन ओरडतं "आत्ता!", आणि बोट ट्रिगर झटकन ओढतं. बोटासोबत अख्खी मूठ आवळली जाते, मनगट खाली जातं, साइट कलते, आणि वरच्या गणिताप्रमाणे दहाचा सात होतो. नवखा माणूस म्हणतो, हात हलला. हात आधीपासूनच हलत होता आणि त्याने काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं त्या "आत्ता"ने.

ट्रिगरचे दोन टप्पे असतात. पहिला मोकळा भाग पिस्तूल टार्गेटच्या वर नेऊन खाली आणत असतानाच दाबून घ्यायचा, मग बोट एका कडेवर येऊन टेकतं. तिथून पुढे दाब हळूहळू, न थांबता वाढवत जायचा आणि साइटकडे बघत राहायचं. शॉट कधी सुटेल हे आपण ठरवायचं नाही. हे ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण डोळ्यांसमोर साइट डोलत असताना दाब चालू ठेवणं म्हणजे अपूर्ण वाटणार्‍या स्थितीत काम पुढे नेणं. मी आयुष्यभर हिशेब तपासायचं काम केलं. आकडा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय हाडीमासी भिनलेली. रेंजवर मला उलटं शिकावं लागलं: जुळण्याची वाट बघत थांबायचं नाही. डोलणं त्याच्या घेरात चाललं आहे, साइट जुळलेल्या आहेत, एवढं पुरेसं आहे, दाब वाढवत राहा. हा विश्वास बसायला मला इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो बसल्याचा आनंदही तितकाच मोठा आहे.

यासाठी उपाय एकच, ड्राय प्रॅक्टिस. छर्रा न भरता, पांढर्‍या भिंतीसमोर उभं राहून फक्त ट्रिगर दाबायचा आणि टक झाल्यावर साइट जागची हलली का ते बघायचं. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते. घरी करायचं असेल तर पिस्तूल रिकामं आहे याची खात्री दर वेळी नव्याने करायची, तोंड फक्त भिंतीकडे, घरात कोणी त्या बाजूला नाही हे बघूनच. छर्रा नसल्यामुळे गुण नसतात आणि गुण नसल्यामुळे मन बोटाला घाई करायला लावत नाही. इंटरनेटवर एक गोल तक्ता फिरतो: छर्रे डावीकडे खाली गेले तर ही चूक, उजवीकडे वर गेले तर ती चूक. त्यावर माझा फारसा भरवसा नाही. एकाच जागी छर्रा जायला दहा कारणं असू शकतात. भिंतीसमोरची साइट मात्र खरं सांगते.

पकड, उभं राहणं, श्वास यांबद्दल भरपूर लिहिलं जातं, मी थोडक्यात सांगते. लाकडी मूठ आपल्या हाताला बसेपर्यंत घासावी, पोकळी राहिली तिथे पुटी भरावी. पकड किती घट्ट यापेक्षा ती दर वेळी सारखीच असणं महत्त्वाचं. उभं राहिल्यावर डोळे मिटून हात वर न्यायचा, खाली आणायचा आणि डोळे उघडायचे. साइट टार्गेटच्या डावीकडे असेल तर हात ढकलायचा नाही, मागचा पाय हलवायचा. हात ढकलून आणलेला नेम ट्रिगर दाबताना आपल्या मूळ जागी परत जातो. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवायचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला आणि लोकांना ती बेफिकिरी वाटली. रेंजवर तसं सगळेच उभे राहतात. लोंबकळणारा हात शरीराला डोलवतो म्हणून त्याला जागा करून दिलेली असते.

श्वास हलकासा सोडून मध्येच थांबायचं, हात खाली येऊन स्थिरावला की पुढच्या काही सेकंदांत शॉट सुटायला हवा. नाही सुटला तर पिस्तूल खाली ठेवायचं. आठ-दहा सेकंदांनंतर डोळा जुनंच चित्र बघत राहतो आणि स्नायूंना प्राणवायू कमी पडू लागतो. तरीही माणूस सोडत नाही, कारण एवढा वेळ धरलं ते वाया कसं जाऊ द्यायचं. माझ्या शेजारच्या लेनवर सातवीतली एक मुलगी असते. एकदा तिने विचारलं, "काकू, तुमचं तर बरोबर आलं होतं, मग खाली का ठेवलं?" मी म्हटलं, "बाळा, आलं होतं, पण मला ते धरून ठेवावं लागत होतं." साठ शॉटना ७५ मिनिटं मिळतात. प्रत्येकाला सव्वा मिनिट. त्यात रद्द करायला भरपूर जागा आहे, आणि ती वापरण्याचं धाडस नवख्याने सगळ्यात आधी कमवावं असं मला मनापासून वाटतं.

शॉट सुटल्यावरही काम संपत नाही. छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने जातो, नळीतून बाहेर पडायला त्याला काही सहस्रांश सेकंद लागतात, पण तेवढ्यात उत्सुक मान वर झाली तर पिस्तूल हलतं. म्हणून एक-दोन सेकंद तसंच राहायचं, साइट कुठे होती ते मनात पकडायचं, आणि गुण दाखवणार्‍या स्क्रीनकडे बघण्याआधी स्वतःशी सांगायचं: नऊ, उजवीकडे. याला शॉट कॉल करणं म्हणतात. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. निकाल कळायच्या आधी आपण आपल्या कामाबद्दल खरं बोलायचं आणि मग ताडून बघायचं. कॉल आणि छर्रा जुळायला लागले की कळतं, आता डोळा खरंच साइटवर आहे. सुरुवातीला गुणांची वही न ठेवता कॉलची वही ठेवावी. साइटचे स्क्रूही एकेका छर्‍यावरून फिरवू नयेत. कॉल बरोबर आहेत आणि ग्रुप एका बाजूला बसतोय, असं दिसलं तरच फिरवावेत.

हे सगळं इतक्या बारकाईने करायचं कशाला, असं वाटलं तर पॅरिस आठवावं. २०२४ च्या जुलैमध्ये सरबज्योत सिंगने पात्रता फेरीत ५७७ गुण केले. जर्मनीच्या रॉबिन वॉल्टरचेही ५७७ झाले. मग आतल्या दहांची मोजदाद झाली, म्हणजे दहाच्याही आतलं ५ मिलिमीटरचं वर्तुळ. वॉल्टरचे सतरा, सरबज्योतचे सोळा. सरबज्योत नववा आला आणि अंतिम फेरीत आठच जण जातात. दुसर्‍या दिवशी मनू भाकरने महिलांच्या अंतिम फेरीत कांस्यपदक मिळवलं, तीही रौप्याच्या शर्यतीतून ०.१ गुणाने बाहेर पडली. याच मनूचं पिस्तूल टोकियोत ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं आणि तिची अंतिम फेरी हुकली होती. आणि सरबज्योत? सोळा-सतराच्या त्या निकालानंतर तीनच दिवसांनी तो मनूसोबत मिश्र गटात उभा राहिला आणि दोघांनी कांस्यपदक आणलं. त्या दुपारी आमच्या रेंजवर सराव थांबवून सगळे एका फोनभोवती गोळा झाले होते.

महाराष्ट्राचं या खेळाशी नातं जुनं आहे, आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. देशाची रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नव्या नेमबाजांना जी स्पर्धा खेळावी लागते ती त्यांच्याच नावाची. रेंजवरची मुलं "यंदा मावळणकर खेळायची" असं सहज म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांना हे नाव कोणाचं ते ठाऊक नसतं. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंतसारखी विश्वविजेती आणि स्वप्नील कुसाळेसारखा ऑलिंपिक पदकविजेता दिला. पिस्तुलात मला सगळ्यात जवळची वाटते ती कोल्हापूरचीच राही सरनोबत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात ती आणि थायलंडची खेळाडू ३४ गुणांवर बरोबरीत आल्या. शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायची जादा फेरी झाली, त्यातही बरोबरी. दुसर्‍या शूट-ऑफमध्ये राही जिंकली. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिथे बरोबरीवर बरोबरी होत असताना तिच्या हृदयाचे ठोके कुठे गेले असतील! ते ठोके हातापर्यंत पोचलेच असणार. तरीही बोट आपलं काम करत राहिलं.

नव्याने येणार्‍यांना पिस्तूल विकत घ्यायची घाई करू नका एवढंच सांगते. रेंजचं पिस्तूल वापरा, मूठ आपल्या हाताची हवी असं वाटू लागलं की मग विचार करा. आधी पाय शिका, मग साइट, मग ट्रिगर. माझा स्वतःचा क्रम सध्या असा आहे: आठवड्यातले पहिले दोन दिवस भिंतीसमोर ड्राय, मग एक दिवस पांढरा कागद, आणि शनिवारी पूर्ण साठ शॉट. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा थकतो आणि "आत्ता" म्हणणारा आवाज पुन्हा येऊ लागतो. म्हणून या पावसाळ्यात मी ड्राय प्रॅक्टिस खांदा थकवून झाल्यावरच करणार आहे, म्हणजे शेवटच्या वीस शॉटचा ट्रिगर कसा दाबायचा ते त्याच थकलेल्या हाताला शिकवता येईल.